‘सेट झालीस का?’ : एका शब्दाची झडती

“काय गं, सेट झालीस का?” मागच्या दिवाळीत मामींनी विचारलं. चकलीच्या बशीतून मान वर न करता मी म्हटलं, “हो मामी, मागच्याच वर्षी.” घरात एकदम शांतता. मामींनी आईकडं असं पाहिलं, की आईनं एवढी मोठी गोष्ट त्यांच्यापासून लपवलीच कशी! मी राज्य पात्रता परीक्षेबद्दल बोलत होते. मामींच्या ‘सेट’मध्ये मुलगा होता, मुहूर्त होता, मंगल कार्यालय होतं.

घोळ निस्तरला, सगळे हसले. मी मात्र त्या आठवड्यात कान टवकारून बसले. आमच्या शिर्डीत लॉजचं बांधकाम बाराही महिने कुठं ना कुठं चालू असतं. शेजारच्या स्लॅबवरून मिस्त्री ओरडला, “पाय देऊ नका, सेट होऊ द्या!” पुण्याहून दूरच्या नात्यातल्या काकांचा फोन आला, “दर्शनाची काही सेटिंग होईल का?” (शिर्डीकर असाल तर हा फोन तुम्हालाही येत असणार. माझं उत्तर ठरलेलं आहे: “काका, ऑनलाइन पास काढा.”) आणि संध्याकाळी चुलते शेतातून आले ते म्हणाले, “यंदा डाळिंबाची सेटिंग चांगली झाली.”

यातलं शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं नाही. कारण याच शब्दानं माझा एक अख्खा बहार जवळजवळ वाया घालवला होता. तो हिशेब पुढं मांडते. त्याआधी शब्दाकडं नीट बघू.

४३० अर्थ? मोजले कुणी?

‘सेट’बद्दल एक माहिती फार फिरते: इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द, तब्बल ४३० अर्थ. आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. साधारण साठ हजार शब्दांची. म्हणजे एका शब्दावर एक छोटी कादंबरी. पुढं कोशाची नव्यानं तपासणी सुरू झाली आणि ‘रन’ या क्रियापदानं ६४५ अर्थांसह ‘सेट’ला मागं टाकलं.

पण संशोधक म्हणून आपला पहिला प्रश्न असा असायला हवा: हे मोजलं कसं? गजर सेट करणं आणि सापळा सेट करणं हा एक अर्थ की दोन? कोशकार म्हणेल दोन, तर दोन. एखादा कोशकार अर्थ बारीक चिरतो, दुसरा मोठे तुकडे ठेवतो. त्यामुळं ४३० हा शब्दाचा गुणधर्म कमी आणि मोजणाऱ्याच्या पद्धतीचा गुणधर्म जास्त. प्राण्यांच्या प्रजाती मोजतानाही हेच भांडण असतं. तेव्हा हा आकडा सांगून टाळ्या घ्यायला हरकत नाही, पण त्यावरून निष्कर्ष काढायचा तर मोजण्याचा नियमही सोबत सांगावा लागतो.

दुसरी अडचण म्हणजे, ‘सेट’ हा मुळात एक शब्द नाहीच. ‘ठेवणं, बसवणं’ या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतलं आहे, आणि ते ‘बसणे’ या अर्थाच्या ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे. ‘गट, समूह’ या अर्थाचं नाम मात्र जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याचं मूळ लॅटिनमध्ये. संप्रदाय या अर्थाचा ‘सेक्ट’ शब्द त्याचाच भाऊ. दोन वेगळ्या घरची माणसं एकसारखी दिसायला लागली आणि पुढं एकमेकांत मिसळून गेली. चहाच्या कपांचा सेट आणि सिमेंटचं सेट होणं यांत अर्थाचा धागा सापडत नसेल, तर दोष तुमचा नाही.

आपल्याकडचा ‘सेट’

आता गंमत बघा. ‘सिट’चं प्रयोजक ‘सेट’, तसं आपल्या ‘बसणे’चं प्रयोजक ‘बसवणे’. आपण गणपती बसवतो, अंगठीत खडा बसवतो, सरकलेलं हाड बसवतो, नाटक बसवतो, कामाची घडी बसवतो. शिवाय विश्वास बसतो, घसा बसतो, धंदा बसतो, आणि ‘पेपरला बसलो’ म्हणताना खुर्चीचा काही संबंध नसतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘बसणें’ काढून बघा. क्रमांक देत देत अर्थ मांडलेले दिसतील. अनेकार्थी शब्द ही काही इंग्रजीची मिरासदारी नाही.

नातंही आहे, थोडं लांबचं. ‘सिट-सेट’ ज्या मुळातून आले, त्याच मुळातून संस्कृतचा ‘सद्’ धातू आला. सदन, सभासद, उपनिषद हे सगळे त्याच घराण्यातले. आपलं ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’मधून आलेलं. तरी दोन्ही भाषांनी तीच युक्ती केली: शरीराच्या एका साध्या क्रियेवर शेकडो कामं लादली.

पण जिथं इंग्रजी ‘सेट’ म्हणून मोकळी होते, तिथं मराठी पुष्कळदा वेगवेगळी क्रियापदं काढते. सूर्य मावळतो. दही लागतं. गजर लावतात. प्रश्नपत्रिका काढतात. नियम घालून देतात. फळ धरतं. यात एक धडा आहे. ‘सेट म्हणजे मराठीत काय?’ हा प्रश्नच चुकीचा. ‘या वाक्यातल्या सेटला मराठीत काय?’ हा बरोबर.

माझी तक्रार आपल्या पाठ करण्याच्या सवयीवर आहे. भाषा संचालनालय १९६० पासून आहे, त्याचे विषयवार परिभाषा कोश आहेत, आणि ते विषयवार आहेत हेच महत्त्वाचं. आपण मात्र नववीच्या गणिताच्या पहिल्या प्रकरणात ‘संच’ शिकतो आणि पुढं कुठंही ‘सेट’ दिसला की ‘संच’ ठोकून देतो. ‘डेटासेट’ला ‘विदासंच’ म्हणतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. झालेलं नसतं. कसं ते बघा.

गणितातल्या संचात क्रमाला किंमत नाही आणि घटक दोनदा लिहिला तरी एकदाच मोजतात. आता पाच फांद्यांवरची फळं मोजली: १२, १४, १४, १४, २१. सरासरी १५. हा तुमचा डेटासेट. हाच गणिताच्या अर्थानं संच केला तर उरतं १२, १४, २१, आणि सरासरी होते १५.६७. दोन फांद्या गायब! ही कल्पनेतली भीती नाही. पायथनमध्ये ‘सेट’ नावाचं फंक्शन अगदी हेच करतं, आणि माझ्या एका ज्युनियरनं ‘डेटासेटच आहे ना’ म्हणून आकडे त्यातूनच काढले होते. प्रोग्रामनं चूक दाखवली नाही, कारण प्रोग्रामच्या दृष्टीनं चूक नव्हतीच. डेटासेट हा गणिती अर्थानं सेट नसतो. त्यात पुनरावृत्तीला किंमत असते, कारण प्रत्येक आकड्यामागं एक खरी फांदी असते.

माझी स्वतःची चूक

आता तो बहार. माझा विषय डाळिंबातली फळधारणा, इंग्रजीत ‘फ्रुट सेट’. आमच्या जिल्ह्यात डाळिंब भरपूर, त्यात ‘भगवा’ हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं वाण घरोघरी. पहिल्या वर्षी मी राहाता आणि संगमनेर तालुक्यांतल्या काही बागांत स्वतः मोजणी केली, आणि बाकी बागांसाठी शेतकऱ्यांना फॉर्म दिला. फॉर्मवर प्रश्न होता: ‘सेटिंग किती टक्के झाली?’ शेतकरी हाच शब्द वापरतात, म्हणून मीही तोच वापरला. लोकांच्या भाषेत प्रश्न विचारला म्हणून स्वतःवर खूश होते.

आकडे आले आणि चक्रावले. माझ्या मोजणीत वीस-पंचवीस टक्के, फॉर्ममध्ये कुठं पंचेचाळीस, कुठं साठ. मनात पहिला विचार आला, शेतकरी फुगवून सांगतात. हे इथं लिहिताना लाज वाटते.

खरं काय होतं? डाळिंबाला सगळी फुलं फळ धरणारी नसतात. काही नर असतात. त्यांचा आकार घंटेसारखा, अंडाशय खुरटलेलं, ती गळणारच. काही द्विलिंगी असतात, तळाशी फुगीर, सुरईसारखी. शेतकरी यांना ‘मादी कळी’ म्हणतात. (मधल्या प्रकारचीही असतात, त्यांचा भाग आत्ता सोडून देऊ.) समजा एका झाडावर १०० फुलं मोजली, ६० नर आणि ४० मादी कळीची. त्यातून २४ फळं धरली. मी सगळ्या फुलांनी भागलं: २४ टक्के. शेतकऱ्यानं मादी कळीनं भागलं: ६० टक्के.

इथंच थांबत नाही. मी मोजलं फळ धरल्यावर पंधरा दिवसांनी. शेतकरी इतक्या लवकर ‘सेट’ म्हणतच नाही. एका आजोबांनी मला स्पष्ट सांगितलं, “पोरी, लिंबाएवढं होऊन टिकलं तर सेट. आधीचं मोजून काय करू?” तोवर ६ फळं गळली, उरली १८. म्हणजे १८ टक्के किंवा ४५ टक्के. एकच झाड, एकच बहार आणि चार खरी उत्तरं: २४, ६०, १८, ४५. कुणीही खोटं बोललेलं नाही. मी सरासरी काढून मोकळी झाले असते तर खोटं बोलणारी एकटी मीच ठरले असते.

वर्ष वाचलं, कारण त्या आजोबांसारख्या बऱ्याच जणांनी वहीत फुलांचा आणि फळांचा कच्चा आकडा लिहून ठेवला होता. टक्के सोडले, कच्चे आकडे घेतले, सगळ्यांचा एकच भागाकार केला. ज्यांच्याकडं कच्चे आकडे नव्हते त्या बागा वगळल्या. आणि वगळल्या, हेही प्रबंधात लिहिलं.

मिस्त्री आपल्यापेक्षा पुढं

या शब्दाचा बंदोबस्त सगळ्यात चांगला कुणी केला असेल तर सिमेंटवाल्यांनी. ‘सेट झालं का?’ हा प्रश्न त्यांच्याकडंही होताच. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले, प्राथमिक सेटिंग आणि अंतिम सेटिंग, आणि दोन्ही मोजायला विकाटचं उपकरण वापरलं. ठरावीक वजनाची सुई सिमेंटच्या लगद्यात किती उतरते, त्यावर उत्तर. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी भारतीय मानक सांगतं: प्राथमिक सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये, अंतिम सेटिंगला ६०० मिनिटांहून जास्त लागता कामा नये. शब्द तोच जुना, पण त्याला सुई बांधली, घड्याळ बांधलं. वाद संपला.

आपल्याकडंही हे शक्य आहे. ‘सुरुवातीची फळधारणा’ आणि ‘अंतिम फळधारणा’ असं वेगळं लिहा, दिवस लिहा, छेद काय घेतला ते लिहा. तरीही कितीतरी शोधनिबंधांत नुसतं ‘फ्रुट सेट टक्केवारी नोंदवली’ एवढंच वाक्य सापडतं. आणि आपण तो आकडा उचलून आपल्या तक्त्यात शेजारी ठेवतो. यंत्रशिक्षणवाले यातून सुटलेत असं नाही. ‘व्हॅलिडेशन सेट’ आणि ‘टेस्ट सेट’ हे शब्द काही लेखांत चक्क अदलाबदल होऊन येतात. ज्या आकड्यांवर मॉडेलची निवड केली, त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेतली की काय, हे नावावरून कळत नाही, पद्धत वाचावी लागते.

तुमच्यापैकी जे आत्ता नेट-सेटचा अभ्यास करताय किंवा विषय शोधताय, त्यांनी एक करा. तुमच्या विषयातला सगळ्यात साधा शब्द घ्या, जो तुम्ही कधी कोशात बघितला नाही, कारण तो ‘येतोच’. नमुना, दर, वाढ, सेट, काहीही. वहीच्या एका पानावर लिहा: मी हा कधी मोजणार, कशानं मोजणार, कशानं भागणार. मग तोच प्रश्न शेतातल्या, कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या एका माणसाला विचारा आणि त्याचं उत्तर शेजारी लिहा. दोन्ही जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर फॉर्म छापायच्या आधी कळलं, हे नशीब समजा. अवघड शब्दांची भीती बाळगू नका, त्यांची व्याख्या आपण शोधतोच. फसवतात ते ओळखीचे.

माझा फॉर्म आता दोन पानांचा आहे. त्यात ‘सेटिंग’ हा शब्द एकदाही नाही. नर कळ्या किती, मादी कळ्या किती, कोणत्या तारखेला किती फळं झाडावर, एवढंच. मागच्या महिन्यात तो घेऊन त्याच आजोबांकडं गेले. त्यांनी सगळे रकाने शांतपणे भरून दिले, चष्मा काढला आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे पोरी, पण तू सेट कधी होणार?”

मी विचारलं, “कोणत्या अर्थानं, आजोबा?”