नर्तकीचा जमाखर्च

मराठी कथेत आणि बोलपटात तमाशातील नर्तकी पुष्कळदा आली. तिच्या मिळकतीचा प्रश्न मात्र क्वचितच आला. कधी ती मोहिनी असते, कधी अभागिनी. ती नाचून पैसे मिळविते व त्यांवर घर चालविते, ही साधी गोष्ट आमच्या रसिकतेस रुचत नाही असे दिसते.

व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (1972) याचे ठळक उदाहरण होय. 'द ब्ल्यू एंजल' या 1930 च्या जर्मन बोलपटाशी त्याचे नाते प्रसिद्धच आहे. ध्येयवादी गुरुजी गावातून तमाशाचा मुक्काम उठवितात आणि पुढे त्या तमाशातील नर्तकीच्या मोहात सापडून लयास जातात. संध्या यांचे नृत्य, राम कदम यांचे संगीत व डॉ. श्रीराम लागू यांचा अभिनय यांचे मोल आम्ही जाणतो. आमचा आक्षेप कथेच्या दृष्टीसंबंधी आहे. गुरुजींच्या शीलाचे काय झाले हे ती बारकाईने सांगते. मुक्काम उठल्यावर फडातील माणसांच्या चुलीचे काय झाले, हा प्रश्न तिला महत्त्वाचा वाटत नाही. त्यापूर्वी अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (1959) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 131 आठवडे चालला. तमाशाच्या चित्रास एवढा आश्रय देणाऱ्या समाजाने प्रत्यक्ष तमाशास काय दिले?

याचे उत्तर पाहावयास आम्हा थेरगावकरांस फार लांब जावे लागत नाही. भोसरी, चाकणवरून नाशिकच्या रस्त्याने गेले की नारायणगाव लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे जत्रेचे पुढारी येतात, घासाघीस होते आणि खेळाची सुपारी ठरते. चैत्र-वैशाखाच्या या थोड्या दिवसांत वर्षाचे गणित जमवावयाचे असते. कलावंतांस आगाऊ उचल द्यावी लागते, तीसाठी फडमालक व्याजाने कर्ज काढतो, आणि एक हंगाम बुडाला तरी फड कोलमडतो. 2020 व 2021 साली साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा हे सर्वांच्या डोळ्यांपुढे घडले.

याच नारायणगावचे नाव मिरविणाऱ्या विठाबाईंची कथा सर्वश्रुत आहे. 1957 आणि 1990 साली त्यांस राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. जानेवारी 2002 मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा इस्पितळाचे देणे भागविण्यास लोकांच्या देणग्या लागल्या. पुढे शासनाने त्यांच्याच नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो उचितच आहे. परंतु पुरस्कार आयुष्याच्या अखेरीस मिळतो, आणि भूक तर रोज लागते. ज्यांच्याकडे आपण केवळ करुणेने पाहतो त्यांस आपण देणगी देतो. ज्यांचे काम आपण काम मानतो त्यांसच वेतन देतो. आमच्या साहित्यदृष्टीतील उणीव अशी व्यवहारात उतरली आहे.

शास्त्रीय नृत्याची वाट वेगळी पडली. रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात 'नृत्यभारती' स्थापन केली, आणि मध्यमवर्गाच्या मुलींस कथकाचे दार उघडले. दौलतजादेच्या जागी शिक्षणाची फी आली. आज थेरगावातही कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील मुली नृत्यवर्गास जातात, आणि आईबाप महिन्याची फी नियमाने भरतात. तथापि नर्तकीची उपजीविका येथेही नाचण्यावर नसून शिकविण्यावरच आहे. शिष्येच्या रंगप्रवेशाच्या दिवशी सभागृह, वादक व वेशभूषा यांचा खर्च तिच्या वडिलांनी करावयाचा, आणि प्रेक्षकांनी निमंत्रणपत्रिका घेऊन फुकट बसावयाचे! फडातील स्त्री निदान नाचून मिळविते. आमच्या घरची मुलगी पैसे भरून नाचते.

पैशाच्या स्पर्शाने कला विटाळते असे कोणी म्हणेल. आम्ही प्राध्यापक महिन्याच्या महिन्यास वेतन घेऊन कालिदास शिकवितो. त्याने कालिदास विटाळल्याचे ऐकिवात नाही. मग हा सोवळेपणा नर्तकीपुरताच का?

यासाठी शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या हातचे दोन उपाय करून पाहावेत. जत्रेच्या पुढाऱ्यांनी ठरलेली सुपारी वेळेवर व पुरी द्यावी. आणि सुशिक्षित कुटुंबांनी ओळखीच्या मुलीच्या कार्यक्रमासही तिकीट काढून जावे. लेखकांकडे मागणे एवढेच, की यापुढे नर्तकीची कथा लिहिताना तिच्या पायांतील घुंगरांबरोबर तिच्या घरातील जमाखर्चाची वहीही एकदा उघडून पाहावी.