भावे-सुकथनकर यांची चित्रपटनिर्मिती : भागीदारी, विषय आणि स्वातंत्र्य

प्रस्तावना :
स्वतंत्र चित्रपटनिर्मितीचा विचार करताना 'स्वतंत्र' म्हणजे कोणापासून, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. मराठीत या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी सुमित्रा भावे (१९४३-२०२१) आणि सुनील सुकथनकर यांची भागीदारी हे महत्त्वाचे उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या भागीदारीचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचा विचार केलेला आहे.

भागीदारीचे स्वरूप :
भावे या समाजशास्त्राच्या अभ्यासक, तर सुकथनकर हे पुण्याच्या चित्रपट संस्थेत दिग्दर्शनाचे शिक्षण घेतलेले. 'बाई' (१९८५) आणि 'पाणी' (१९८७) या लघुपटांतून या प्रवासाचा आरंभ झाला. संशोधनातून हाती आलेले वास्तव ज्यांचे आहे त्यांच्यापर्यंत ते परत पोहोचावे, ही त्यामागील प्रेरणा होती. पुढे 'विचित्र निर्मिती' या संस्थेद्वारे दोघांनी सातत्याने काम केले. पटकथालेखन प्रामुख्याने भावे यांचे, गीतलेखन सुकथनकर यांचे आणि दिग्दर्शन बहुतांशी दोघांचे, अशी ही विभागणी दिसते.

अर्थबळ आणि विषय :
या भागीदारीला एकच कायमचा धनको नव्हता. 'दोघी' (१९९५) व 'वास्तुपुरुष' (२००२) यांच्यामागे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ होते. कोड या विषयावरील 'नितळ' (२००६) हा 'श्वेता असोसिएशन' या स्वमदत गटाच्या पुढाकारातून साकारला. 'अस्तु' (२०१३) आणि 'कासव' यांच्या निर्मितीत मनोविकारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांचा सहभाग होता. म्हणजेच एखाद्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना आपले म्हणणे समाजापर्यंत नेण्यासाठी चित्रपट हवा असतो आणि चित्रकर्त्यांना निर्मितीसाठी आधार हवा असतो. या दोन गरजांच्या मिलाफातून हा व्यवहार उभा राहतो.

येथेच खरा धोका संभवतो. विषय आधी ठरला की पात्र हे माणूस न राहता त्या विषयाचे उदाहरण होऊन बसते. 'देवराई' (२००४) मध्ये स्किझोफ्रेनियाची माहिती पुरविणारे संवाद काही ठिकाणी कथेच्या ओघात अडथळा आणतात. तथापि, शेषच्या मनातील देवराई ही केवळ आजाराचे लक्षण राहत नाही. नष्ट होत चाललेल्या निसर्गाविषयीची त्याची तळमळ प्रेक्षकालाही खरी वाटते. 'अस्तु'मध्ये हा तोल अधिक साधलेला आहे. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे जातात आणि माहुताच्या कानडी बोलणाऱ्या पत्नीत त्यांना आई सापडते. येथे आजाराची माहिती मागे पडते आणि ज्ञान व माया यांतील श्रेष्ठ काय, हा प्रश्न उरतो. विषयाने चित्रपटास जन्म दिला, परंतु चित्रपट विषयाच्या पुढे गेला, असे येथे म्हणता येते.

वितरणाची मर्यादा :
निर्मितीतील हे स्वातंत्र्य वितरणात मात्र टिकत नाही. २०१३ मध्ये पूर्ण झालेला 'अस्तु' चित्रपटगृहांत २०१६ मध्ये पोहोचला. 'कासव'ला २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. परंतु पुरस्कार आणि प्रेक्षकसंख्या यांचे गणित मराठीत क्वचितच जुळते. ज्यांच्यासाठी चित्रपट काढला त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही, तर भागीदारीचा मूळ हेतूच अपुरा राहतो. महाविद्यालये, चित्रपट मंडळे आणि सामाजिक संस्था यांतील खेळ व त्यानंतरची चर्चा हा पूरक मार्ग ठरतो. त्यामुळे या चित्रपटांच्या प्रसाराची काही जबाबदारी शिक्षणसंस्थांवरही येते.

समारोप :
सारांश, कोणाचाही पैसा न घेणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. पैसा घेतल्यानंतरही पात्राला विषयाच्या दावणीला न बांधणे, हे या भागीदारीने बहुतांशी साधलेले स्वातंत्र्य होय. जेथे ते साधले नाही तेथे चित्रपट प्रबोधनाच्या पातळीवरच थांबतो. सामाजिक आशयाच्या चित्रपटाचे मूल्यमापन करताना विषयाचे महत्त्व आणि कलाकृतीचे महत्त्व या दोहोंत गल्लत होऊ नये, हेच या अभ्यासातून स्पष्ट होते.