किचनरचे सायप्रस

सायप्रसचे जुने नकाशे पुष्कळ, पण 1885 साली निघालेला किचनरचा, मैलाला एक इंच मापाचा, 15 तक्त्यांचा नकाशा आम्हांस सर्वांत चोख वाटतो. याच किचनरने आधी पश्चिम पॅलेस्टाइन मोजले होते. तेथे शास्त्रातील गावांचा शोध, येथे निव्वळ सरकारी कारभार. इंग्रजांनी 1878 साली बेट घेतले ते सुवेझच्या वाटेसाठी. पुढे 1946 ते 1949 पॅलेस्टाइनला निघालेले 50,000 हून अधिक यहुदी त्यांनी येथेच तारेच्या कुंपणात अडकवले. त्या छावण्यांची जागा, फामागुस्ताच्या आसपासची, या तक्त्यांवरून शोधता येते. येथे पासिर रिसला भर घालून किनाराच पुढे सरकला, जुना नकाशा जुळत नाही. सायप्रसात 1974 नंतर उत्तरेकडील गावांची नावे बदलली. जुने नाव हवे तर हाच नकाशा उघडावा.