बुद्धिमापन : प्रमाण आणि पूर्वग्रह

मनुष्य जन्मानेच श्रेष्ठ वा कनिष्ठ असतो, हा दावा धर्मशास्त्राच्या नावाने केला जातो तेव्हा त्याचा प्रतिवाद कसा करावा, हे आपण जाणतो. परंतु तोच दावा मानसशास्त्राच्या नावाने, आकड्यांच्या भाषेत पुढे येतो तेव्हा त्याची परीक्षा कशी करावयाची? या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांचा 'द मिसमेझर ऑफ मॅन' (१९८१) हा ग्रंथ वगळता येत नाही. ग्रंथ मोलाचा आहे. म्हणूनच त्याची चिकित्साही कठोर असावयास हवी.

१९०५ साली आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी फ्रान्समध्ये शाळकरी मुलांसाठी कसोट्या रचल्या. मागे पडणारी मुले ओळखून त्यांना विशेष शिक्षण देता यावे, हा त्यांचा हेतू होता. कसोटीतील गुण म्हणजे जन्मजात, अपरिवर्तनीय बुद्धी नव्हे, असे बिने यांचे मत होते. अमेरिकेत हेन्री गॉडार्ड व लुईस टर्मन यांनी कसोटी उचलली. बिने यांचा इशारा मात्र मागे राहिला. साहाय्यासाठी निर्मिलेले साधन माणसांची प्रतवारी लावू लागले.

१९१७ मध्ये रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैन्यात बुद्धिमापन सुरू झाले आणि सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची परीक्षा घेण्यात आली. निरक्षरांसाठी चित्रे होती. एका चित्रात टेनिसच्या मैदानावरील जाळे गाळलेले होते व ते ओळखावयाचे होते. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, त्याने काय ओळखावे? स्थलांतरितांचे गुण अमेरिकेतील वास्तव्याच्या वर्षांबरोबर वाढत होते. परिचयाने गुण वाढतात, हा सरळ अर्थ बाजूस सारून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये नंतर आलेले लोक हीन वंशाचे असल्याचा निष्कर्ष काढला. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, ही वृत्ती गूल्ड येथे समर्थपणे उघड करतात.

त्यांचा तात्त्विक मुद्दाही महत्त्वाचा आहे. निरनिराळ्या कसोट्यांतील गुण परस्परांशी निगडित असतात, ही नोंद खरी. परंतु त्या संबंधाला एक नाव दिले म्हणजे मेंदूत त्या नावाची वस्तू सापडली, असे होत नाही. 'रथ' हे अवयवांच्या रचनेला दिलेले नाव आहे, हे भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला सांगितले, त्याचे येथे स्मरण होते.

आता ग्रंथाची उणीव. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल मॉर्टन यांनी कवट्यांचे आकारमान मोजले. त्यांच्या मापनात वांशिक पूर्वग्रहामुळे नकळत फेरफार झाला, असे गूल्ड यांनी प्रतिपादिले. मात्र त्यांनी कवट्या स्वतः मोजल्या नाहीत. मॉर्टन यांच्या तक्त्यांचीच छाननी केली. २०११ मध्ये संशोधकांनी संग्रहातील जवळजवळ निम्म्या कवट्या पुन्हा मोजल्या, तेव्हा मॉर्टन यांची मापे बहुतांशी बरोबर आढळली. पुढे काही अभ्यासकांनी गूल्ड यांच्या आक्षेपांपैकी काहींचे समर्थनही केले. तथापि मूळ आरोप जसाच्या तसा उभा राहत नाही.

म्हणून मॉर्टन यांचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत खरा ठरतो काय? मुळीच नाही. माप अचूक असूनही अनुमान खोटे असू शकते. कवटीचे आकारमान म्हणजे बुद्धी नव्हे. परंतु गूल्ड आपल्या बाजूचे आहेत म्हणून त्यांची चूक झाकणे, हेही आपणांस शोभणारे नाही. कालाम सुत्तातील उपदेश केवळ विरोधकांच्या ग्रंथांना लावावयाचा नसतो. वक्ता आदरणीय आहे, किंवा मत आपल्या मताशी जुळते, एवढ्याने ते स्वीकारू नये, हेही तथागतांनी तेथेच सांगितले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिसंस्थेच्या सुप्रजननशास्त्रीय समर्थनाचा समाचार घेतला. त्यांनी विज्ञानाकडे पाठ फिरविली नाही. विज्ञानाचाच निकष लावून ते समर्थन टिकत नाही, हे दाखविले. समतेचा पक्ष सत्याचा आहे, म्हणून त्याला सदोष पुराव्याची गरज नाही. गूल्ड यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. आणि ज्या चिकित्सक दृष्टीने त्यांनी इतरांचे आकडे तपासले, त्याच दृष्टीने त्यांचाही ग्रंथ तपासावा.