साक्षीत न मावणारी शंका

मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष’ हा शब्द कोर्टातल्या साक्षीपेक्षा वेगळ्या अर्थाने चालतो. प्रार्थनासभेत एखादा माणूस उभा राहतो आणि देवाने आपले आयुष्य कसे बदलले ते सांगतो. या सांगण्याचा एक ठरलेला घाट असतो. आधी अंधार, मग वळण, नंतर उजेड. वळणाआधीच्या शंका तो मोकळेपणी सांगतो; त्या जितक्या दाट, तितकी साक्ष परिणामकारक. वळणानंतरच्या शंकेला मात्र या घाटात जागा नसते. मराठी ख्रिस्ती आत्मपर गद्य या साक्षीच्या पोटी जन्मले. त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तिथूनच आल्या, असे माझे वाचन मला सांगते.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८४) हा या घाटाचा स्वच्छ नमुना. वळण पुस्तकाच्या नावातच आहे. बेळगावात जन्मलेला आणि पुढे मुंबईत परमहंस सभेत वावरलेला हा तरुण १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतो. तिथवरचा प्रवास वाचनातून, वादातून, घरच्यांच्या जिवाला लागलेल्या घोरातून होतो. जुन्या धर्माची एकेक गोष्ट तो हातात घेऊन पारखतो, आणि त्या पारखण्यातला प्रामाणिकपणा आजही जाणवतो. मात्र पुस्तकाचा सगळा भर दारापर्यंत पोचण्यावर आहे. बाप्तिस्म्यानंतर पदमनजी पन्नासहून अधिक वर्षे जगले. नव्या घरात राहताना भिंतींना कुठे ओल आली, हे ‘अरुणोदय’ला सांगायचे नाही. म्हणूनच आज ते मुख्यतः अभ्यासकांच्या टेबलावर सापडते.

पंडिता रमाबाईंनी ही चौकट आतून हलवली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांचे खरे प्रश्न त्यानंतर सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्याने का हुकूम चालवावा, यावर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी निकराचा पत्रव्यवहार केला. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त नंतर, अशी विभागणी केली. साक्षीच्या घाटात एकाच्या जागी दोन वळणे आली, ही मोठी गोष्ट. पण ही पत्रे इंग्रजीत होती. मराठीतले त्यांचे अखेरचे श्रम बायबलच्या भाषांतरात गेले. साध्या बायकांना कळावे म्हणून केलेले ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यांची बंडखोर शंका मराठी मंडळीच्या कानांवर फारशी पडलीच नाही.

ती मराठीत आली स्वयंपाकघरातून. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने निघाली. आपण हे पुस्तक विनोदासाठी वाचतो, सोशिक बायको आणि लहरी कवी यांच्या संसारासाठी वाचतो. त्यात विश्वासाचा एक काटेकोर हिशेबही आहे, तिकडे लक्ष कमी जाते. पुस्तकाच्या सुरुवातीलाच वडिलांचे सोवळ्याचे वेड येते, आणि लेखिकेचा धर्माशी झगडा शेवटपर्यंत पाणी, भांडी, पंगत यांच्याच भाषेत चालतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या, पण आपले सोवळे घेऊनच. पुढे त्यांनी स्वतःशी विचार केला की जात देवाने केली की माणसाने, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पदमनजींच्या पुस्तकात आधी सिद्धांत पटतो आणि आचार त्याच्या मागून येतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी हात बदलतो, तांब्या बदलतो, मग मन, आणि सगळ्यांत शेवटी मंडळीच्या वहीतले नाव. बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे जग उजळून एकरंगी होत नाही. हातात आलेला पैसा टिळक कुणाला देऊन टाकतील याचा नेम नसतो, भांडणे होतात, समेट होतात. देवावरचा भरवसा आणि डब्यातले पीठ यांची सांगड त्यांना रोज नव्याने घालावी लागते. या रोजच्या घालमेलीला त्या कधी ‘शंका’ म्हणत नाहीत. पण साक्षीच्या घाटाला जे जमले नाही ते या साध्या आठवणींनी साधले: वळणानंतरचे आयुष्य लिहिता येते, हे दाखवून दिले.

टिळकांचा प्रश्न वेगळ्या पातळीवरचा होता. त्यांची गीते आजही मराठी उपासनेत पेटी-तबल्यावर म्हटली जातात. अभंगाची चाल आणि ख्रिस्ताचे नाव यांत तिथे कुणालाच विसंगती वाटत नाही. तरीही १९१७ मध्ये याच माणसाने मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास अढळ होता. शंका होती ती परक्या पैशावर आणि परक्या शिस्तीवर चालणाऱ्या संस्थेबद्दल. दीड-दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, ते वारले आणि प्रयोग अपुरा राहिला.

इथवर आलेली सगळी नावे शिकलेल्या, बहुतेक उच्चवर्णीय घरांतली आहेत. नगर आणि मराठवाड्याच्या मंडळ्या मात्र त्या घरांनी भरलेल्या नव्हत्या. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत वसवली, तिथे आणि पुढे नगरच्या खेड्यापाड्यांत मंडळीत आले ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतले लोक. त्यांची साक्ष मिशनच्या अहवालांत दुसऱ्याच्या हाताने, बहुधा दुसऱ्याच्या भाषेत लिहिली गेली. आकडा आला, गावाचे नाव आले. ज्या बाईने पहिल्यांदा मंडळीच्या पंगतीला बसून घास घेतला, तिला काय वाटले ते आले नाही. लक्ष्मीबाईंना तांब्या बदलायचा होता. या बाईला आयुष्यात पहिल्यांदा तो कुणीतरी पुढे केला होता. दोन्ही अनुभव ख्रिस्तीच, पण ‘स्मृतिचित्रे’ एकीचीच आहेत.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या मौनाला आणखी एक कारण दिले. त्या आदेशानुसार हिंदूंखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे दलित ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा छापून सांगायची, तर मुलांची फी आणि नोकरी यांचा विचार आधी करावा लागतो. साक्ष देणे हे ज्या धर्माचे पहिले काम, त्याच धर्मातल्या माणसाला कागदावर गप्प राहण्याचा मोह किंवा नाइलाज व्हावा, ही साधी अडचण नाही. रविवारी ओठांवर असलेले नाव सोमवारी अर्जावर लिहायचे की नाही, हा आपल्या भागातला श्रद्धेचा आणि शंकेचा खरा प्रश्न आहे, आणि त्याला त्रैक्याच्या चर्चेइतकेच वजन आहे.

बीडच्या शेजारी, उस्मानाबादेत, जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुबोध बायबल’सारखे मोठे काम करणाऱ्या या धर्मगुरूची निवड झाल्यावर काहींनी विरोध केला, तरी मराठवाड्याने त्यांना अध्यक्षपदी पाहिले. आनंदाचीच गोष्ट. पण वसईची मंडळी पोर्तुगीज काळापासूनची, कॅथलिक, स्वतःच्या वाड्या-बागा असलेली. मराठवाड्यातली मंडळी वेगळ्या मातीतून उगवली. ‘मराठी ख्रिस्ती साहित्य’ या एका नावाखाली आपण दोन्ही घातल्या की मोठा आवाज ऐकू येतो आणि लहान आवाज पुन्हा हरवतो.

आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कोयते बाहेर पडतात, त्यांतले कितीतरी नगरकडच्या कारखान्यांवर. नाताळ येतो तो गळिताच्या ऐन मध्यात. ख्रिस्ती तोडणी कामगाराचा नाताळ कोपीत होतो. मुकादमाची उचल डोक्यावर असते, सुट्टी घेतली तर खाडा पडतो, मंडळी आणि पाळक गावाकडे राहिलेले असतात. त्या रात्री तिथे गीत म्हटले जाते का, कोण सुरू करते, प्रार्थनेत काय मागितले जाते आणि काय मागायचे सोडून दिले जाते, याचे एक पानही मला मराठीत वाचायला मिळालेले नाही. ते लिहिले जाईल तेव्हा साक्षीचा जुना घाट त्याला पुरणार नाही. लक्ष्मीबाईंची रीत पुरेल: पाणी, पीठ, पैसा यांचा खरा हिशेब मांडायचा, आणि देवाचे नाव त्या हिशेबात जिथे येईल तिथेच लिहायचे.