अर्ध्या वाटेवरचे अंदाज: ‘द फिफ्थ सीझन’

रहस्य असलेली कादंबरी निम्मी झाली की थांबायचं आणि डोक्यातले अंदाज लिहून ठेवायचे, ही सवय मला संशोधनातून लागली. निकाल हाती आल्यावर ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणायला काय जातं! तेव्हा एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’बद्दल (२०१५) माझे अंदाज हे असे. तुम्ही निम्म्यापर्यंत पोचला नसाल, तर आधी तिथवर या.

‘स्टिलनेस’ हा खंड नावापुरताच स्थिर. अधूनमधून भूकंप-ज्वालामुखी असा प्रलय आणतात, की वर्षानुवर्षं ऊन दिसत नाही. ‘ओरोजीन’ लोकांना भूकंप थोपवता येतो आणि घडवताही येतो. म्हणून गावं त्यांना मारतात, नाहीतर सत्ता त्यांना ‘फुलक्रम’मध्ये नेऊन राबवते. गोष्ट तिघींची: लहानगी दमाया, विशीतली सायनाइट आणि चाळिशी ओलांडलेली एसुन. एसुनच्या मुलाला त्याच्याच बापानं मारलंय, तो ओरोजीन निघाला म्हणून.

अंदाज पहिला: या तिघी नाहीतच, एकच आहे. एसुनच्या जगावर राख उतरतेय, सायनाइटच्या प्रवासात मात्र राजधानी शाबूत आहे. म्हणजे काळ वेगळे. फुलक्रममधले लोक दगडांची नावं घेतात, तेव्हा ‘दमाया’ हे नाव टिकणारं नाही. आणि गावात लपून राहिलेल्या एसुनला फुलक्रमची इतकी आतली माहिती कुठून?

अंदाज दुसरा: सुरुवातीलाच जग फोडणारा तो माणूस अलाबास्टर असणार. दहाही बोटांत अंगठ्या मिळवलेला तो एकटाच आपल्याला भेटलाय. पण मला ताकदीपेक्षा कारण पटतं. ते नोड स्टेशन आठवा. भूकंप शमवण्यासाठी खुर्चीला जखडलेलं ते मूल, ज्याचा स्वतःवरचा ताबाच काढून घेतलाय. अलाबास्टर सायनाइटला ते मुद्दाम बघायला लावतो. हे पाहिलेल्या माणसाला जग वाचवावंसं का वाटेल?

अंदाज तिसरा: एसुनशी कुणीतरी बोलतंय. तिची प्रकरणं द्वितीयपुरुषी आहेत. इंग्रजीत ते ‘यू’ म्हणून भागतं. मनातल्या मनात मराठीत आणून बघा, लगेच अडाल. ‘तू’ की ‘तुम्ही’? मी ‘तू’च म्हणेन, पण आपण आईला, देवाला ‘तू’ म्हणतो आणि ज्याला खालचा मानतो त्यालाही. यातला हा कुठला? माझ्या कानाला तो मायेचा वाटतो. बोलणारा तिला फार दिवसांपासून ओळखतो. माझा संशय तिच्याबरोबर चालणाऱ्या होआ या मुलावर आहे.

आता अंदाजांपलीकडचं. या जगात माणसाच्या नावातच त्याची ‘यूज-कास्ट’ असते. ‘कास्ट’ शब्द दिसला की आपण मराठी वाचक थबकणारच. परदेशातल्या वाचनगटात तर सगळे आपल्याकडेच वळून बघतात. पण मला वाटतं, शब्द एकीकडे आहे आणि वस्तू दुसरीकडे. यूज-कास्ट असलेल्यांना गावात जागा आहे. ओरोजीनना ती नाही. ज्यांच्या कामावर गाव उभं, तेच गावकुसाबाहेर. ही रचना आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

इथेच माझी हरकतही आहे. ओरोजीन खरोखर धोकादायक आहेत. एसुन संतापते तेव्हा गाव उद्ध्वस्त होतं. प्रत्यक्षात ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्याकडे असली कुठलीच शक्ती नव्हती, ‘विटाळ’ हे निव्वळ रचलेलं होतं. रूपक म्हणून वाचलं, तर ही कादंबरी अत्याचार करणाऱ्यांना एक सबब देऊन बसते: आम्हाला भीती वाटली.

त्यावर पुस्तकाचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर ते खुर्चीतलं मूलच आहे. भीती वाटते म्हणून कुणी इतकं करत नाही. त्याला जखडलंय कारण ते उपयोगी आहे, भीती हा फक्त त्यावरचा मुलामा. हे उत्तर उरलेल्या निम्म्या भागात टिकतं का, की जग फोडणं हाच न्याय ठरतो, एवढं मला पाहायचंय. या लेखमालेतली पुढची तीनेक पुस्तकं त्यासाठी मी मागे ढकलली आहेत. तुम्ही पुढे गेला असाल तर काही सांगू नका. निम्म्यावर असाल, तर तुमचे अंदाज तारीख घालून आधी लिहून ठेवा.