नाम, अंक आणि लिपी : ‘.भारत’ या क्षेत्रनामाचा भाषिक विचार

इंटरनेटची राष्ट्रीय नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे दोन भिन्न प्रकृतीची कामे असतात. यंत्रांना अंकात्मक पत्ते वाटून देणे हे एक. माणसांनी निवडलेल्या नामांची नोंद ठेवणे हे दुसरे. भारतात ‘.इन’ या क्षेत्राची व्यवस्था प्रारंभी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००३ साली स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या संस्थेने २००५ पासून ती हाती घेतली, आणि २०१२ पासून अंकांचे वाटपही तिच्याच एका शाखेकडे आले. दोन्ही कामे एकाच घरची झाल्याने एकाची नीती दुसऱ्यासही पुरेशी आहे, असा समज होतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

अंकांची बाब सरळ आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील अखेरचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले व अधिक लांबीच्या पत्त्यांकडे वळणे अपरिहार्य झाले. गरज तपासावी आणि एक पत्ता दोघांस जाऊ नये, एवढीच येथे दक्षता. अंकाला अर्थ नसतो. एकाऐवजी दुसरा मिळाल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

नामाचे तसे नाही. तरीही तेथे मुख्य नियम ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ हाच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ खुले झाले, ते मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो व सिंधी या आठ भाषांसाठी. म्हणजे नोंदवहीचे एकक भाषा नसून लिपी आहे. ‘शिक्षा’ हे नाम हिंदी भाषकाने विद्येसाठी घेतले, तर मराठी वाचक त्याचा अर्थ दंड असा करील. आणि दोघांपैकी एकालाच ते लाभेल.

याहून सूक्ष्म प्रश्न लेखनाचा आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ डोळ्यांना वेगळे दिसतात, पण यंत्रातील त्यांचा संकेत एकच. याउलट ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’ हा कानाला एकच शब्द. तत्सम शब्दांत परसवर्णाचा विकल्प १९६२ च्या मराठी लेखननियमांनीही मान्य केला आहे. यंत्रास मात्र ती दोन परकी नामे होत. डोळा ज्यांत भेद करतो ते संकेताने एक केले, आणि कान ज्यांस एक मानतो ते वेगळे केले.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोडीत हा प्रश्न अधिकच बोचतो. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हा ‘ऱ्’ लिहिण्याची एक रीत म्हणजे र, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. २००३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हे अदृश्य चिन्ह नामातून गाळले जाई. म्हणजे त्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा नोंदीत दर्या होई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी हलन्तानंतर त्या चिन्हास सशर्त स्थान दिले. परंतु ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत वापरूनही तेच अक्षर लिहिता येते. तेव्हा दिसण्यात एक असलेल्या नामाच्या दोन संकेतमाला संभवतात आणि फसवणुकीस वाव राहतो. यंत्रास संदिग्धता सोसत नाही, हे नोंदवहीचे म्हणणे म्हणूनच अवास्तव नाही.

आक्षेप आहे तो वेगळाच. ‘.इन’च्या तंटा-निवारण नियमांत दोन नामांत भ्रम उत्पन्न करणारे साम्य आहे काय, ही एक मुख्य कसोटी आहे. पण भ्रम कोणास? मराठी वाचकास ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांत भ्रम होणार नाही. तो ‘ऱ्’ ज्याच्या परिचयाचा नाही, त्यास होईल. वाचकाची भाषा निश्चित केल्यावाचून साम्याचा निवाडा पुरा होत नाही.

यावरून दोन अपेक्षा निष्पन्न होतात. विकल्पाने शुद्ध असलेली दोन्ही लेखने एकाच धारकाकडे राहावीत. आणि साम्य ठरविताना नामाची भाषा नोंदली जावी. अंक वाटणाऱ्यास मोजता आले म्हणजे पुरते. नामे नोंदणाऱ्यास ती वाचताही आली पाहिजेत.